शेवट कळला म्हणजे काय?

(सावधान: खाली सगळा पिक्चर फोडलाय. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

परवा घरी मित्रांबरोबर 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' लावला होता. किम जी-वूनचा २००३ सालचा कोरियन पिक्चर. शेवटची नावं सुरू होतायत तोवर एकाने मोबाईलवर शेवट समजावणारा व्हिडिओ लावलासुद्धा! दहा मिनिटांत निकाल: "धाकटी बहीण आधीच मेलीय, घरात दिसते ती सावत्र आई थोरलीच्या डोक्यातली. बास, कळलं."

अरे, काय कळलं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही खोडच आहे. कपाटात एकसारखे ड्रेसच ड्रेस लटकताना दिसले, की शोधा बग आणि करा तिकीट बंद. बरं, तुमचंच लॉजिक लावू. सगळं जर सू-मीच्या डोक्यात आहे, तर जेवायला आलेल्या पाहुणीला सिंकखाली मुलगी कशी दिसली? झाली ना टेस्ट केस फेल!

मुळात हे कोडं नाहीच. याच्या मुळाशी जांगह्वा आणि होंगऱ्योन या दोन बहिणींची जोसॉन काळातली लोककथा आहे. तिथे सावत्र आई दुष्ट, मेलेल्या बहिणी भूत होऊन न्याय मागतात आणि तो मिळतोही. किमने नेमका तो न्यायच काढून घेतलाय. इथे धाकटी सू-यॉन कपाटाखाली चिरडली जातेय, आणि थोरली सावत्र आईशी भांडून, तणतणत घराबाहेर पडते. तिला काही माहीतच नाही. गुन्हा तिचा नाही, पण सुटकाही नाही. मग तिचं मन तेच घर पुन्हा उभं करतं. मेलेली बहीण जिवंत होते, सावत्र आई राक्षसीण होते, पण कपाट काही जागचं हलत नाही. दुःस्वप्नाचं लॉजिक म्हणतात ते हेच.

२००९ साली हॉलिवूडने 'द अनइन्व्हाइटेड' नावाने याचा रिमेक केला. कोणी कोणाला मारलं ते नीट सांगितलं, सगळे धागे जुळवले. पाहिला, कळला, विसरलो.

मूळ पिक्चर मात्र विसरता येत नाही. दार आपटून आपणही कधीतरी निघालेलो असतो, मागे वळून न बघता. आपलं नशीब, की मागे कपाट पडलं नाही. हे कुठला व्हिडिओ समजावणार?

तेव्हा पुढच्या वेळी नावं संपेपर्यंत तरी मोबाईल खिशात राहू द्या. थोडं घाबरून झोपा की राव!