मिठाचा हिशेब पुरा सांगा

अलीकडे जिल्ह्याच्या बैठकीत भाव, वीजबिल, कर्ज हे नेहमीचे विषय संपत आले की मायबहिणींच्या बाजूने एक वेगळाच प्रश्न येतो. ‘आयोडीनच्या मिठानं थायरॉईड होतो म्हणतात, ते खरं का?’ कुणाच्या सुनेच्या रक्तात ‘अँटीबॉडी’ निघालेल्या असतात. कुणी पुडीचे मीठ बंद करून सैंधव आणायला सुरुवात केलेली असते. घरोघरच्या मोबाइलवर रोज एक नवा वैद्य बोलतो आणि प्रत्येकाचे औषध निराळे असते. प्रश्न बायकांचा आहे म्हणून चहाच्या वेळेवर ढकलण्यासारखा नाही. थायरॉईडची बिघडलेली दुखणी पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पट जास्त, आणि त्यांची किंमत कधी कधी पुढच्या पिढीला मोजावी लागते.

उत्तर एका वाक्यात हवे असेल तर ते असे : आयोडीनचे मीठ सोडू नका. पण एका वाक्याच्या उत्तरावर शेतकऱ्याने समाधान मानू नये. सरकारने आजवर नेमके तेच केले. हुकूम सोडला, कारण अर्धे सांगितले. उरलेले अर्धे लोकांना भलत्याच तोंडून आणि भलत्याच रूपात ऐकावे लागले. आजचा गोंधळ त्यातून झाला आहे.

सुरुवात जमिनीपासून केली पाहिजे. आयोडीन हे मातीतले द्रव्य. हजारो वर्षांच्या पावसाने, पुराने, बर्फाच्या वितळण्याने ते धुऊन समुद्रात जाते. डोंगरउतार आणि पुराच्या खोऱ्यांत ते सर्वांत कमी उरते. जस्त कमी पडले तर पानावर दिसते, लोह कमी पडले तर शेंडा पिवळा पडतो. आयोडीनचे तसे नाही. पिकाला त्यावाचून अडत नाही, म्हणून पीक तक्रार करत नाही. गहू पोसतो, भात भरतो, पण दाण्यात आयोडीन नसते. तक्रार करतात ती जनावरे आणि माणसे. वासरू गळ्याला गाठ घेऊन, कधी अंगावर केस नसलेले जन्माला येते. बाईच्या गळ्यावर गलगंड दिसतो. गलगंड डोळ्याला दिसतो म्हणून त्याचीच चर्चा झाली. खरे नुकसान न दिसणाऱ्या जागी, गर्भात होते. थायरॉईड ग्रंथीचा रस आयोडीनशिवाय तयार होत नाही आणि त्या रसाशिवाय पोटातल्या पोराचा मेंदू नीट घडत नाही. कमतरता फार असेल तर मूल मुके-बहिरे, खुजे, मतिमंद जन्मते. थोडी असेल तर मूल धडधाकट दिसते, शाळेत मात्र मागे पडते, आणि मास्तर म्हणतात की शेतकऱ्याच्या पोराला डोकेच कमी.

लागते ते किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला २५०. म्हणजे सगळ्या आयुष्याला मिळून चमचाभर. पण ते रोज लागते. वर्षाचे एकदम घेऊन भागत नाही.

चीनमधल्या सिंकियांग प्रांतात होतान भागातली हकीकत शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावी. तिथे मीठ पोचवणे जमेना, म्हणून १९९० नंतरच्या वर्षांत पाटाच्या पाण्यातच आयोडीनच्या क्षाराची धार सोडली. पाण्यातून ते मातीत गेले, मातीतून पिकात, पिकातून मेंढरांत आणि माणसांत. तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, मेंढरांचे कळपही वाढले. रोगाची मुळे जमिनीत आहेत हे एवढ्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

आपल्याकडचा पुरावा कांगडा खोऱ्यातला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनचे मीठ दिले, तिसऱ्याला साधे. सुरुवातीला तिन्हीकडे गलगंडाचे प्रमाण सारखेच, शेकडा ३८ च्या आसपास. पाच-सहा वर्षांत आयोडीनच्या दोन भागांत ते निम्म्यावर आणि त्याहूनही खाली आले. साध्या मिठाच्या भागात जिथल्या तिथे राहिले. त्याच बळावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम निघाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून आयोडीन कमतरतेच्या सर्व विकारांचा कार्यक्रम असे झाले. नाव लांबले, काम त्या मानाने हळूहळूच चालले.

मग आली सक्ती. १९९८ साली केंद्राने खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला बंदी केली. २००० साली उठवली. २००५ साली पुन्हा अधिसूचना काढली आणि १७ मे २००६ पासून बंदी लागू झाली. ज्या देशात १९३० साली शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या देशात मीठ कुठले खायचे हे सरकार ठरवणार, याचा राग येणे साहजिक होते. उरण, पेण, वसई, पालघरच्या मिठागरांत राबणाऱ्या लहान उत्पादकाला कुणी विचारले नाही. यंत्र आणा, पुड्या बांधा, प्रयोगशाळा ठेवा, नाहीतर तुमचे मीठ कातड्याच्या कारखान्याला विका, असा त्या हुकुमाचा अर्थ होता. दुकानातली फळी मोठ्या कंपन्यांच्या पुड्यांनी भरली. आयोडीन घालण्याचा खर्च किलोमागे पैशांत मोजण्याइतका. पुडीच्या भावात मात्र तो रुपयांनी दिसला.

नागपूरची अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जुलै २०११ मध्ये निकाल लागला. अन्नभेसळ रोखण्याच्या कायद्याखाली असा औषधी सक्तीचा नियम करता येत नाही, म्हणून नियम अवैध. पण लोकांच्या आरोग्याचा प्रश्न असल्याने सहा महिने तो चालू ठेवावा आणि सरकारने तेवढ्यात योग्य तो कायदेशीर मार्ग काढावा, असे न्यायालयाने म्हटले. आयोडीन वाईट आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. मोबाइलवर फिरते ते उलटे. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखालच्या नियमांत हीच बंदी आली आणि ती आजही आहे.

सक्तीबद्दल आमचे मत लपवण्याचे कारण नाही. सरकारी हुकुमाने माणसाचे भले होते यावर आमचा विश्वास कमी. पण २००० साली बंदी उठली तेव्हा पुरेसे आयोडीन असलेल्या मिठाचा वापर देशभर घसरला, हेही खरे. बाजारात निवड करणारा गिऱ्हाईक जाणता असावा लागतो, आणि इथे ज्याचे नुकसान व्हायचे तो गिऱ्हाईक अजून पोटात असतो. त्याला दुकानात जाता येत नाही. म्हणून मिठात आयोडीन असावे, हा मुद्दा आम्ही मान्य करतो. मान्य नाही ती लपवाछपवी.

लपवले काय, तर अँटीबॉडीची गोष्ट. मराठीत प्रतिद्रव्ये म्हणू. शरीराची फौज बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी ती तयार करते. काही माणसांत ही फौज बहकते आणि आपल्याच थायरॉईड ग्रंथीवर चालून जाते. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोतो या डॉक्टरने अशा ग्रंथींचे पहिले वर्णन केले. ज्या प्रथिनांवर आयोडीन चढवले जाते आणि जे विकर ते चढवते, त्यांच्याच विरुद्ध ही प्रतिद्रव्ये निघतात. ‘अँटी टीपीओ’ ही तपासणी त्यातल्या विकराविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची. आयोडीन वाढले की ग्रंथीतले हे प्रथिन फौजेच्या डोळ्यावर जास्त येते, असे शास्त्रज्ञ समजतात.

हे नुसते तर्क नाहीत. डेन्मार्कने २००० साली मिठात आयोडीन सक्तीचे केले, तेही फार बेताने. आधी ज्यांच्या रक्तात अँटी टीपीओ सापडत होते त्यांचे प्रमाण शेकडा १४ होते. चार-पाच वर्षांनी ते २४ च्या जवळ गेले. चीनमध्ये १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे तीन ठिकाणच्या लोकांवर लक्ष ठेवले. आयोडीन किंचित कमी असलेल्या जागी ग्रंथीच्या या आजाराचे नवे रोगी हजारी २, जास्त असलेल्या जागी १०, अतिरेक असलेल्या जागी १३. तेव्हा ‘मिठाचा आणि अँटीबॉडीचा काही संबंधच नाही’ असे ठासून सांगणारा सरकारी डॉक्टर खरे बोलत नाही.

पण गोष्ट इथे तोडणारा मोबाइलवरचा वैद्यही खरे बोलत नाही. पुढे काय झाले ते पाहा. डेन्मार्कने मीठ बंद केले नाही. २०१९ साली आयोडीनची मात्रा उलट वाढवली. चीनने २०१२ मध्ये मात्रा कमी केली, मीठ चालूच ठेवले, आणि २०२० साली ३१ प्रांतांतल्या ७८ हजारांवर माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात थायरॉईडचे बहुतेक विकार आयोडीन कमी पडणाऱ्यांतच जास्त निघाले. दोन्ही देशांनी मोजले, मोजून मात्रा बदलली, आणि मोजलेले लोकांपुढे ठेवले. खताची मात्रा माती तपासून ठरवावी, असे आम्हाला कृषी विद्यापीठे सांगतात. हा नियम माणसालाही लावावा.

आपल्याकडे काय? आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत मुंबई आणि गोवा होते. शेकडा २२ जणांत अँटी टीपीओ सापडले, ११ जणांत ग्रंथी मंदावलेली निघाली. हे मिठामुळे झाले असे त्या पाहणीवरून म्हणता येत नाही. वय, स्त्री असणे, घराण्यात आजार असणे यांचा वाटा मोठा असतो. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत ७६ टक्के घरांच्या मिठात पुरेसे आयोडीन होते आणि बायकांच्या लघवीतले आयोडीन मध्यम पातळीला लिटरला १७३ मायक्रोग्रॅम, म्हणजे ‘पुरेसे’ या सदरात होते. अतिरेक नव्हे. मात्र चारातल्या एका घरात ते कमीच होते, आणि हे घर शहरातल्या बंगल्यापेक्षा वाडीवस्तीवरचे असण्याचा संभव अधिक.

आता ज्या सुनेच्या कागदावर ‘अँटीबॉडी पॉझिटिव्ह’ छापून आले तिचे. तो आजाराचा निकाल नव्हे, इशारा आहे. इंग्लंडच्या व्हिकहॅम भागात बायकांवर वीस वर्षे नजर ठेवली. नुसती प्रतिद्रव्ये असलेल्यांत वर्षाला शेकडा दोघींची ग्रंथी मंदावली. प्रतिद्रव्ये आणि वाढलेले टीएसएच दोन्ही असलेल्यांत चौघींची. म्हणजे बहुतेकींना लगेच काही होत नाही, पण वर्षाकाठी टीएसएच तपासावे. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे आणि बाळंतपणानंतर ग्रंथीला येणारी सूज यांचा धोका अशा बायकांत जास्त असतो, म्हणून दिवस राहिले की डॉक्टरला हे आधी सांगावे. टीएसएच ठीक असताना केवळ प्रतिद्रव्यांसाठी थायरॉक्सिनची गोळी द्यावी का, याची ब्रिटनमध्ये ९५२ बायकांवर चाचणी झाली. २०१९ च्या निकालात जिवंत बाळ होण्याचे प्रमाण त्या गोळीने वाढले नाही. ज्यांची ग्रंथी खरोखर मंदावली आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी गोळी उपाशीपोटी रोज घ्यावी आणि दिवस राहिल्यावर तर मुळीच सोडू नये. तेव्हा बहुधा मात्रा वाढवावी लागते. प्रतिद्रव्यांचा आकडा खाली आणण्याच्या नावाखाली दर महिन्याला तीच तपासणी करायला लावणाऱ्यापासून दूर राहावे. थायरॉईड आहे म्हणून आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेणेही तितकेच घातक. मिठातले प्रमाण आणि या गोळ्यांतले प्रमाण यांत फार अंतर असते.

घरातल्या मिठाकडेही एकदा बघावे. बैलांसाठी आणलेल्या साध्या खडे मिठाचे पोते पुष्कळ घरांत स्वयंपाकालाही चालते. कायद्याने ते जनावरांसाठीच असते आणि त्यात आयोडीन नसते. सैंधवात ते नसल्यासारखेच. पुडीचे मीठ उघड्या भांड्यात चुलीजवळ ओलावा खात राहिले तर आयोडीन उडते. झाकणाची कोरडी बरणी पुरे. बाजरीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुदानमधल्या दारफूरसारख्या भागात, जिथे जेवण जवळजवळ बाजरीचेच आणि आयोडीन दुर्मिळ, तिथे बाजरीतली काही द्रव्ये थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात असे आढळले. यावरून कुणी भाकरी सोडू नये. ज्या घरात दोन्ही वेळा बाजरी, त्या घरात मीठ आयोडीनचेच हवे, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारला विचारायचा प्रश्न आणखी एक आहे. घरी पोचलेल्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, हा हिशेब दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्या माणसावर बसतो. आता रक्तदाबासाठी पाच ग्रॅमवर या, असा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण मग १५० ऐवजी ७५ मायक्रोग्रॅमच पोटात जाईल. मात्रा वाढवायची का, कुठे वाढवायची, हे जिल्हावार मोजल्याशिवाय कोण ठरवणार? लघवीतल्या आयोडीनचे आकडे जिल्ह्याच्या फलकावर लागले पाहिजेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक गर्भवतीची टीएसएच तपासणी फुकट झाली पाहिजे. आणि मिठागरातल्या लहान उत्पादकाला आयोडीन घालण्याचे सामाईक यंत्र मिळाले पाहिजे, म्हणजे पुडीवाल्यांची मक्तेदारी आपोआप सैल होईल.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने पाच घरांचे मीठ वेगवेगळ्या कोरड्या पुड्यांत बांधून आणावे. त्यांतली एक पुडी रेशनच्या दुकानाशेजारच्या घरची, एक सर्वांत लांबच्या वस्तीवरची असावी. पुडीवर घरमालकाचे नाव नको, फक्त गाव आणि मीठ खडे की बारीक एवढे लिहावे. मीठ तपासायचा द्रव आशाताईंकडे असतो. तो मागून घ्यावा. थेंब टाकल्यावर मीठ गडद निळे झाले, फिके झाले की पांढरेच राहिले, ते तिथेच वहीत उतरवू आणि ती वही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू.