देव वाटणीत येत नाही

आज आठवणी कमी आणि भांडण जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने आईबापांना आपल्या हिश्श्यातली निम्मी मालमत्ता मुलांपासून सहसा तोडता येत नाही. मुलगा असो की मुलगी, वाटा ठरलेला. त्यामुळे आम्हाला सवयच लागलीये, जे आईबापांचं ते आपोआप आपलं. घर, काजूची झाडं, माडाची बाग... आणि देवसुद्धा! या शेवटच्या गोष्टीवर माझं भांडण आहे.

मी पेडण्याचा, जन्माने कॅथलिक. शाळा मराठी, घरात कोंकणी. संध्याकाळी आंजची घंटा झाली की सगळ्यांनी आल्ताराशी गुडघे टेकून तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना म्हणायची. आमच्या तालुक्यात आम्ही थोडेच. पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे आलं ते १७८८ साली. त्यामुळे बार्देश-साष्टीत सोळाव्या शतकात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, तसं इथे झालं नाही. चवथीला शेजाऱ्यांच्या नेवऱ्या खाऊन, भगवतीची पुनव बघून आम्ही मोठे झालो. माणसं थोडी असली की ओळख घट्ट धरून ठेवतात. हे मला समजतं. पण ओळख आणि विश्वास एकच का?

माझी मुलगी यंदा सोळा वर्षांची झाली. चर्चमध्ये तिच्या वयाच्या मुलांची दृढीकरणाची तयारी चाललीये. तिने मला सरळ सांगितलं, "पप्पा, मी प्रार्थना करते. पण सगळ्यांसमोर 'मी मानते' म्हणायला माझी अजून तयारी नाही. झाली की म्हणेन." बस्स, एवढंच. तर नातेवाईकांचे फोन सुरू! पोर हाताबाहेर गेली, उद्या बिलिव्हर होणार, मेल्यावर पुरायचं कुठे? एका काकांनी तर सुचवलं, "आत्ता उरकून घे, मग बघू."

उरकून घे? मंडळी, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने उत्तरं देतात ती आईबाप आणि पाद्रीन-माद्रीन. बाळ झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं. दृढीकरणात तेच प्रश्न पुन्हा विचारतात आणि उत्तर त्या मुलाने स्वतः द्यायचं असतं. ज्या विधीचा अर्थच 'आता तू बोल' असा आहे, तिथे बापाने ढकलून नेलेल्या मुलीचं 'होय' देवाला काय कामाचं? चर्चचा अपमान माझी मुलगी करते की उरकून घ्या म्हणणारे?

हे खूळ परदेशातून आलं म्हणणाऱ्यांनी आपल्या मराठीतलीच माणसं बघावीत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ख्रिस्ती, हा हिशोब त्यांना मान्य नव्हता. पुढे पाच वर्षांनी, स्वतःचं मन वळलं तेव्हाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' घराघरात वाचलं जातं, पण ही गोष्ट आपण लक्षात घेत नाही. खुद्द टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही.

आणि आमच्या विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या संत सोहिरोबानाथ आंबियेंची कथा काय सांगते? कुलकर्णीपण घरात चालत आलेलं. इन्सुलीच्या रानात गुरू भेटले आणि त्यांनी ते सोडलं. त्यांचं नाव आपण अभिमानाने पाटीवर लिहितो. मग घरातल्या पोरीने स्वतः शोधून बघते म्हटलं की घाबरतो का?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. काही मित्र मला म्हणतात, देवाशी खरं नातं हवं तर चर्च सोड, रोजरी सोड, तुझ्या म्हाताऱ्यांची ती नुसती पोपटपंची होती. हे मला अजिबात मान्य नाही. माझी शामाय, म्हणजे आजी, तेर्स संपला तरी उठायची नाही. आम्ही जेवायला बसायचो आणि ती तिथेच, हळू आवाजात, बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाचं नाव, तांदळाचा भाव, गुडघ्याचं दुखणं, सगळं देवाला सांगायची. ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. पाठ केलेल्या प्रार्थनेनेच तिला तिथवर आणलं होतं. तिचं देवाशी नातं नव्हतं, हे ठरवणारे तुम्ही कोण?

वडील गेले त्या वर्षी मला पाठ असलेली एकही प्रार्थना पुरली नाही. मग मीही शामायसारखा बोलायला लागलो, कधी मराठीत, कधी कोंकणीत, कधी नुसतंच गप्प बसून. त्या दिवसांत देव माझा झाला. पण गुडघे टेकायची सवय घरानेच लावली होती, हे मी नाकारत नाही. घर मुलांना भाषा देतं. त्या भाषेत बोलायचं काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

दफनाच्या जागेची भीती घालून धरून ठेवलेला माणूस तिथेच राहील कदाचित, पण त्याचा देवाशी संबंध राहील का? तुमच्यातल्या हिंदू घरांनाही हाच प्रश्न आहे. देवघरातले टाक आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून तुमच्याकडे आले. तुमची मुलं त्यांच्यापुढे हात जोडतात तेव्हा मनात काय असतं, कधी विचारलंत?

म्हणून नातेवाईकांना आणि तुम्हालाही सांगतो. माझ्या मुलीची काळजी वाटत असेल तर घरी या, चहा घ्या. तारीख मात्र विचारू नका. तुमचं स्वतःचं देवाशी कसं जमलं, कधी बिनसलं, ते तिला सांगा. तसं सांगण्यासारखं तुमच्याकडे असेल तर ती नक्की ऐकेल, आणि मीही शेजारी बसून ऐकेन.