रेडिओचा ध्वनि व आमचे कान

घरांत रेडिओ असणें ही एक गोष्ट, आणि घरांत रेडिओ ऐकला जाणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. जुन्नर व आंबेगांव या आमच्या दोन तालुक्यांत पहिल्या गोष्टीची उणीव नाहीं. चहाच्या दुकानांत, नारायणगांवच्या बाजारास टोमॅटो घेऊन निघालेल्या गाडींत, फार काय, खिशांतल्या मोबाइलांतही तो वाजतच असतो. परंतु हातांतलें काम बाजूस ठेवून, एखादा राग आलापापासून शेवटपर्यंत घरीं बसून ऐकणारीं कुटुंबें किती निघतील? याचें कारण विचारलें असतां पुष्कळ जण सांगतात, "एफ्. एम्. हा गाडींतल्या करमणुकीपुरता. गंभीर श्रवणास त्याचा आवाज योग्य नाहीं." हें मत आम्हांस मान्य नाहीं. दोष आहे, पण तो भलत्याच ठिकाणीं दाखविला जात आहे, असें आमचें म्हणणें आहे.

आकाशवाणीचें पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. त्या काळचे श्रोते मध्यम लहरींवर गाणें ऐकत. मध्यम लहरींच्या पट्ट्यांत शेजारच्या दोन वाटांमध्यें ९ किलोहर्ट्झ एवढेंच अंतर असतें. त्यामुळें सेकंदास सुमारें साडेचार हजारांहून अधिक कंपनें असणाऱ्या ध्वनीस तेथें फारसा वाव राहत नाहीं. याचा अर्थ काय, तें आमच्या भागांतील माणसास सहज समजावें. ज्या नारायणगांवानें विठाबाईंसारखी कलावती तमाशास दिली, तेथील लोकांस ढोलकीची ओळख करून द्यावयास नको. ढोलकीची खणखणीत थाप आणि तिच्यामागून उमटणारी झणत्कारयुक्त आंस, यांतील आंस मध्यम लहरींवर बहुतांशीं नाहींशी होते. तंबोऱ्याच्या जवारीचीही तीच गत. शिवाय वैशाखांत वळवाचे ढग दाटले कीं प्रत्येक विजेबरोबर यंत्रांत कडकड होते, ती निराळीच.

या दोन्ही उणीवांवर अमेरिकेंतील एड्विन आर्मस्ट्राँग या अभियंत्यानें उपाय शोधला. त्याचे एकस्वाधिकार त्यास १९३३ सालीं मिळाले. जुन्या पद्धतींत लहरीची उंची कमीजास्त करून ध्वनि पाठवीत. वीजही लहरीच्या उंचीवरच आघात करिते; म्हणून गाणें व गोंगाट एकत्र येत. आर्मस्ट्राँगनें उंची तशीच ठेवून लहरीची कंपनसंख्या बदलती ठेविली, आणि ग्राहकयंत्रांत उंचीचे चढउतार छाटून टाकिले. १९३५ सालीं न्यूयॉर्क येथें त्यानें प्रयोग करून दाखविला, तेव्हां पेल्यांत पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाजही श्रोत्यांस स्पष्ट ऐकूं आला. एफ्. एम्. वर १५,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि नेतां येतो. तंबोऱ्यास व सारंगीस याहून मोठें घर लागत नाहीं. आपल्या देशांत आकाशवाणीनें ही पद्धति मद्रास येथें १९७७ सालीं प्रथम आणिली.

मग आमच्या घरांत खरखर कां? येथें आमचाच अनुभव सांगणें बरें. मंचर येथें राहत असतांना आम्हीं एक बऱ्यापैकीं यंत्र विकत घेतलें. पहिल्याच रात्रीं गायकापेक्षां सळसळच अधिक ऐकूं आली. आम्ही दुकानदारावर रागावलों व यंत्र परत करण्याचा निश्चय केला. त्या वेळीं घरीं आलेल्या इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थ्यानें आमची परवानगी घेऊन "स्टिरिओ" लिहिलेली कळ "मोनो"वर आणिली, आणि सळसळ पुष्कळशी थांबली! दोन बाजूंच्या ध्वनींतील फरक हा मूळ ध्वनीच्या वरच्या पट्टींत बसवून पाठवितात. लहर क्षीण असली म्हणजे त्याच भागांत गोंगाट आधीं शिरतो. फरक सोडला कीं गोंगाटही जातो. एकट्या गायकाचा ख्याल ऐकण्यास एक बाजू पुरे होते.

पुढें आम्हीं दोघांनीं मिळून अँटेना तयार केली. पुण्याचें विविधभारती १०१ मेगाहर्ट्झवर आहे. तिच्या लहरीची लांबी सुमारें तीन मीटर. तिच्या अर्ध्यास थोडें कमी, म्हणजे प्रत्येकीं सुमारें ७० सेंटिमीटर लांबीच्या तांब्याच्या दोन तारा बांबूवर एका रेषेंत बांधिल्या; मध्यें दूरदर्शनाची केबल जोडिली; आणि पुणें दक्षिणेस असल्यामुळें तारा पूर्वपश्चिम ठेवून बांबू छपरावर चढविला. (कोठें त्या उभ्या ठेवून अधिक लाभ होतो, दोन्ही करून पाहावें. गडगडाट सुरू होण्यापूर्वीं केबल मात्र यंत्रापासून सोडवावी.) मोबाइलचा चार्जर व स्वस्त एल्. ई. डी. दिवा यंत्राजवळून हालविला. त्या रात्रीं तंबोरा ऐकूं आला. यंत्र परत करावयाचें राहिलें. दुकानदाराची क्षमा मात्र मागावी लागली.

अर्थात् सर्वांस हा लाभ होईल असें आम्ही म्हणत नाहीं. एफ्. एम्. ची लहर बहुतेक सरळ रेषेंत जाते. डिंभ्याच्या वरील खोऱ्यांत किंवा नाणेघाटाकडील गांवांत डोंगर आडवा आला, तर बांबू किती उंच करणार? तेथें लहान पुनःप्रक्षेपकच हवेत, आणि ते मागण्याचा त्या गांवांस हक्क आहे.

केंद्रांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटारीच्या घरघरींतही गाणें ऐकूं यावें म्हणून पुष्कळ केंद्रें हळू स्वर चढवितात व मोठे दाबतात, आणि सर्व कांहीं एकाच उंचीवर आणितात. बाजारांत हें चालेल. परंतु आलापांतील मंद्र षड्ज आणि द्रुत तान एकाच जोरानें वाजूं लागलीं, तर गायकानें रात्रभर चढविलेला डोंगर सपाट केल्यासारखें होतें. हा दोष पद्धतीचा नव्हे, ती चालविणाऱ्यांचा आहे. कोणी म्हणेल, मोबाइलवर जाळ्यांतून हवें तें गाणें मिळत असतां ही यातायात कशास? जेथें जाळें अखंड आहे तेथें अवश्य ऐकावें. पण तेंही त्याच बोटभर कर्ण्यांतून ऐकलें, तर कानास लाभ काय?

आमच्याच भागांत खोडद येथें व त्याच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली ही दुर्बीण आकाशांतील अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. ही जागा निवडण्याचें एक कारण असें कीं, येथें मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता. ज्यास क्षीण स्वर ऐकावयाचा आहे, त्यानें आधीं गोंगाट दूर केला पाहिजे, हा धडा शिकण्यास आपणांस दूर जावयास नको.

विद्यार्थिमित्रांनो, कान हे लहानपणींच घडतात. ज्या मुलानें तंबोरा कधीं ऐकलाच नाहीं, त्यास तो हरवला हेंही कळणार नाहीं. आणि हीच आमची खरी काळजी आहे. म्हणून या सुटींत दोन तारा व एक बांबू घ्या, एक संध्याकाळ मोकळी ठेवा, घरांतील वडील मंडळींस जवळ बसवा, आणि मग एफ्. एम्. चा न्याय करा.