कण्हेरीची मुळी कुणालाही देऊ नका

मागच्या महिन्यात वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "कण्हेरीची मुळी उगाळून दिली की अडकलेली पाळी मोकळी होते." चार-पाच जणींनी माना हलवल्या. मला गप्प बसवेना.

वॉर्डात नोकरीला असताना अशी एक बाई मी पाहिली आहे. दोन लेकरांची आई. उलट्या थांबेनात, नाडी ४० च्या खाली. घरचे म्हणत होते, शिळं खाल्लं. मुळीचं नाव तिनं रात्री माझ्या कानात सांगितलं, तेव्हा कुठं उपचारांना दिशा मिळाली. ती वाचली. सगळ्याच वाचत नाहीत.

कण्हेरीचं पान, फूल, साल, मुळी, चीक, सगळंच विषारी. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर काम करतं. डिजॉक्सिन या हृदयाच्या गोळीचंच ते भाऊबंद. पण गोळीत मात्रा मोजलेली असते, मुळीत नसते. उकळून किंवा वाळवून विष जात नाही. नायट्यावर पाल्याचा लेप लावतात, तोही फुटलेल्या कातडीवर नको. पिवळ्या फुलांची बिट्टी तशीच घातक, आणि मुलं तिच्याच बिया खेळायला घेतात. रस्त्याच्या दुभाजकावर ही झाडं असू द्यात, विहाराच्या अंगणात नकोत.

याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. २०२० साली अमेरिकेत कोरोनावर ओलिअँड्रिन द्या, असं थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाऊन सांगणारे सुटाबुटातले होते. तिथल्या औषध प्रशासनानं परवानगी दिली नाही.

आपल्या बायका मुळीकडे का वळतात? दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "नवऱ्याला आणलंस का?" हा प्रश्नच बेकायदा वळणाचा आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. सही मागितली तर आम्हा कार्यकर्त्यांना सोबत न्या, आम्ही बोलू.

त्या आजींना पुढच्या बैठकीला मुद्दाम बोलावलंय. वस्ती माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकते.

कुणी खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, झाडाची फांदी सोबत न्या, आणि डॉक्टरांना खरं नाव सांगा. शिळं खाल्लं म्हणू नका.