मशीन घेण्याआधी तुरीचा हिशोब करा

वाशीम जिल्ह्यात धंदा सुरू करू पाहणारे तरुण हल्ली डाळ मिलबद्दल विचारतात. विचार चांगला आहे. तूर आपल्याच शिवारात पिकते, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या बाजार समित्या जवळ आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान उद्योगासाठी मिनी डाळ मिलही तयार केली आहे. पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकतं. त्यामुळे सगळी चर्चा मशीनभोवती फिरते. अनुदान मात्र भांडवली खर्चावर आहे. रोजची तूर घ्यायचा पैसा आपल्यालाच उभा करायचा असतो, आणि नवा धंदा अडकतो तो इथेच.

साधा हिशोब करू. रोज २ क्विंटल तूर लागते आणि भाव २०२५-२६ च्या हमीभावाइतका, म्हणजे ८ हजार रुपये आहे असं धरा. रोजचे १६ हजार झाले. तूर आणि तयार डाळ मिळून १५ दिवसांचा माल गोदामात, त्यानंतर किराणा दुकानदाराकडे ३० दिवसांची उधारी. म्हणजे ४५ दिवसांचे ७ लाख २० हजार रुपये कायम अडकलेले. यात हमाली, वाहतूक, वीज, मजुरी धरलेली नाही. तुरीचे पैसे ताबडतोब द्यावे लागतात, डाळीचे मात्र सावकाश येतात.

व्याजाचं कर्ज टाळायचं असेल, तर हे दिवसच कमी करावे लागतील. त्यासाठी पहिलं वर्ष भरडाईवर काढावं, असं माझं मत आहे. शेतकरी स्वतःची तूर आणतो, आपण क्विंटलमागे भरडाई घेऊन डाळ करून देतो. नफा कमी मिळतो, पण कच्च्या मालात पैसा गुंतत नाही आणि कोणत्या गावची तूर कशी उतरते हेही कळतं. आवक जानेवारी ते मार्चमध्ये जोरात असते. तेव्हा भाव पडलेला दिसला म्हणून वर्षभराची तूर भरून ठेवण्याचा मोह होतो. ओलावा तपासला नाही आणि गोदामात कीड लागली, तर स्वस्त माल महाग पडतो.

अडत्या एकच ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एकाच सर्व्हरवर सगळं सोपवत नाही, कारण तो बंद पडला की सगळंच बंद. इथेही निदान दोन अडते आणि काही थेट शेतकरी हवेत. रोल, पट्टे, बेअरिंग आणि मिस्त्री यांचंही तेच. सुटा भाग अकोल्याहून यायला दोन दिवस लागत असतील, तर एक जास्तीचा पट्टा घरात असावा.

उधारी तोंडी ठेवू नका. मुदतीची उधारी लिहून ठेवण्याबद्दल सूरह बकराची २८२ वी आयत आपल्याला माहीत आहे, पण ओळखीतल्या व्यवहारात कागद काढायला आपल्याला लाज वाटते. कायदाही कागदाच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर कायद्याने व्याजही लागतं. अर्थात गल्लीतल्या किराणावाल्यावर कोणी दावा ठोकत नाही. त्याच्यासाठी पावतीवर तारीख आणि सही घ्या, आणि आधीचे पैसे आल्याशिवाय पुढचं पोतं देऊ नका.