गुणतक्त्याचा मान

परीक्षेत तिसऱ्या आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा चौथ्याला सोपी प्रश्नपत्रिका मिळू लागली, तर त्या परीक्षेवरचा विश्वास उडावयास वेळ लागणार नाही. अमेरिका व कॅनडा या देशांतील संघांची नॅशनल हॉकी लीग ही बर्फावरील हॉकीची व्यावसायिक स्पर्धा नेमक्या याच दोषाने ग्रासलेली आहे.

साखळी सामने संपले की सोळा संघ स्टॅन्ले चषकासाठी बाद फेरीत उतरतात. २०१३ पर्यंत पूर्व व पश्चिम या दोन्ही विभागांत पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा अशा जोड्या लावल्या जात. २०१३-१४ च्या मोसमापासून मात्र विभागाऐवजी त्यातील दोन गटांना प्राधान्य मिळाले. प्रत्येक गटातील पहिले तीन संघ थेट पात्र ठरतात, विभागातील उरलेल्या दोन जागा गुणांनुसार भरल्या जातात, आणि गटातील दुसऱ्या व तिसऱ्या संघांची गाठ पहिल्याच फेरीत घातली जाते. मग तो गट बलाढ्य असो वा दुबळा!

याचे फळ २०१७ साली दिसले. ८२ सामन्यांअखेर १११ गुण मिळवून पिट्सबर्ग तीस संघांत दुसरा होता. १०८ गुणांचा कोलंबस चौथा. दोघेही एकाच गटातले, म्हणून पहिल्याच फेरीत समोरासमोर आले आणि कोलंबसचे आव्हान तेथेच आटोपले. त्याच गटात चौथ्या आलेल्या न्यूयॉर्क रेंजर्सचे गुण १०२. पण त्यांच्या वाट्याला १०३ गुणांचा मॉन्ट्रियल आला आणि ते पुढे गेले. शेजारच्या गटातील ओटावाला अवघ्या ९८ गुणांवर घरच्या मैदानाचा लाभ मिळाला. तिसरी जागा मिळवण्यापेक्षा ती गमावणेच हिताचे ठरले, याहून मोठी विसंगती कोणती?

या पद्धतीचे समर्थन अगदीच पोकळ नाही. शेजारच्या संघांत चुरस वाढते, प्रवास वाचतो, प्रेक्षागृहे भरतात. गटांतर्गत सामने अधिक असल्यामुळे दोन गटांतील गुणांची तुलना काटेकोर होत नाही, असेही सांगितले जाते. परंतु हा युक्तिवाद समर्थकांवरच उलटतो. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी वारंवार झुंजून मिळवलेले १०८ गुण तर अधिकच मोलाचे मानावयास हवेत. नियम आधी जाहीर होता व सर्वांना सारखाच होता, हे खरे. पण नियम सर्वांना सारखा असला म्हणजे तो न्याय्य असतोच असे नाही.

बाद फेरीत दुबळ्याने बलवानाला हरवावे, यातच खेळाची खुमारी आहे. तो अधिकार मैदानाचा आहे. जोड्या लावणाऱ्या कागदाचा नव्हे. विभागवार, गुणानुक्रमे जोड्या लावण्याची जुनी रीत निर्दोष नसली, तरी अनेक महिन्यांच्या श्रमांचा मान ती अधिक राखत होती. लीगच्या चालकांनी तिच्याकडे परतण्यात कमीपणा मानू नये. गुणतक्त्यातील वरच्या जागेला काही अर्थच उरला नाही, तर साखळीतील शेवटचे सामने जिवाच्या आकांताने कोण आणि कशासाठी खेळेल?