घाईतला विनोद

शॉर्टफिल्मची स्पर्धा लागली की आपल्याकडे एकच गडबड उडते. दोन दिवसांची मुदत, एक मोबाईल आणि खिशात जेमतेम चहा-समोशापुरते पैसे. कुणीतरी म्हणतं, "कॉमेडी करू रे, सोपी असते." तिथेच आपण फसतो.

मागच्या वेळी आमचंही तेच झालं. पहिला दिवस गोष्ट शोधण्यातच गेला. संध्याकाळी एकाने सुचवलं, बेला मंडलातला शेतकरी दाखवू. तो कापूस विकायला आदिलाबादच्या मार्केट यार्डात येतो, अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलतो. बस, लोक हसतील! रिहर्सलला सगळे हसलेही. एक जण मात्र गप्प होता. नंतर हळूच म्हणाला, "माझे बाबा असंच बोलतात."

मला वाटतं, पैसे कमी असल्याने विनोद बिघडत नाही, घाईने बिघडतो. घड्याळ मागे लागलं की आपण हाताशी येईल तो जोक उचलतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या बोलीवर नाहीतर गरिबीवर असतो. तेलुगू सिनेमातही कित्येक वर्षं तेलंगणाची बोली विनोदवीराच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी असायची. मग 'फिदा'त (2017) ती नायिकेच्या तोंडी आली, 'बलगम'मध्ये (2023) अख्ख्या कुटुंबाच्या. लोकांनी दोन्ही चित्रपट डोक्यावर घेतले. मग पैनगंगेच्या अलीकडची आपली मराठी आपणच का हसण्यावारी न्यावी?

घाईत चांगला विनोद होतच नाही, असं नाही. चार्ली चॅप्लिनचा ट्रॅम्प प्रेक्षकांनी पहिल्यांदा पाहिला तो 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस' (1914) या छोट्या फिल्ममध्ये. कॅलिफोर्नियात मुलांच्या गाड्यांची खरी शर्यत चालली होती. तिथेच सुमारे 45 मिनिटांत शूटिंग उरकलं. सेट नाही, गर्दीचा खर्च नाही. गोष्ट एवढीच, की एक माणूस सारखा कॅमेऱ्यापुढे येतो आणि फिल्मवाले त्याला हाकलतात. हसू येतं ते त्याच्या मिरवण्याच्या हौसेचं. ही हौस कुणाला नाही? आपण तर रोज सेल्फी काढतो!

आम्हीही गोष्ट उलटी केली. शेतकरी तसाच बोलतो. फजिती होते ती त्याची मुलाखत घ्यायला आलेल्या कॉलेजच्या पोराची, ज्याला धड मराठी येत नाही की धड तेलुगू. वाऱ्याने आवाज खाल्ला, दोन शॉट तिरके आले, बक्षीसही हुकलं. पण त्या मित्राने फिल्म घरी नेऊन बाबांना दाखवली.

म्हणून पुढच्या टीमला एकच सांगणं आहे. लाइट सोडा, म्युझिक सोडा, वेळ नसेल तर एखादा सीनही सोडा. पण मोबाईल हातात घेण्याआधी दहा मिनिटं बसा आणि हसायचं कुणाला, ते ठरवा.